तुलनेची खोली

"मॅडम, आमच्या घरात दुपारी बसवत नाही. ह्याच्यावर प्रकल्प होतो का?"

हे विचारणारी मुलगी नववीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. वर्षभरात तिनं आपणहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा. तोवर मी फळ्यावर सात-आठ विषय लिहून घेतले होते: प्रदूषण, वृक्षारोपण, पाणी वाचवा, प्लॅस्टिकबंदी. म्हणजे शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर जे रंगवलेलं आहे तेच. बाकीची मुलं खिडकीतून बाहेर बघून विषय सांगत होती. तिनं घरात बघून सांगितला.

"बसवत नाही म्हणजे?"

"पत्र्याचं घर आहे की मॅडम. दुपारी लई तापतंय. बाबा रात्रपाळी करून येतेत, त्यांना झोपच लागत नाही."

वर्गात कुणी हसलं नाही. निम्म्याहून जास्त मुलं पत्र्याखालीच राहत होती. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत. खिडक्या उघड्या असल्या की मागांचा खडखडाट वर्गात येतो आणि नवीन शिक्षक महिनाभर ओरडून बोलतात. मुलं घरी तेलुगू बोलतात, रस्त्यावर हिंदी आणि आमच्याशी मराठी. मी तिथं भूगोल शिकवते. विज्ञानाचे सर निवृत्त झाल्यापासून नववीचं विज्ञानही माझ्याकडंच आहे.

"होतो," मी म्हटलं आणि तिचा विषय फळ्यावर सगळ्यात खाली लिहिला. जागा कमी असल्यामुळं अक्षर बारीक आलं.

त्या वर्षी आमच्याकडं प्रकल्पातून शिकवायची पद्धत नव्यानं आली होती. आम्हा शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मुलांनी आपल्या भोवतीचा एखादा खरा प्रश्न निवडायचा, गटानं त्याच्यामागं लागायचं आणि शेवटी कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं काहीतरी करून दाखवायचं. त्याच प्रशिक्षणात आम्हाला एआय कसं वापरायचं तेही शिकवलं. आपण मराठीत प्रश्न लिहायचा, पलीकडून मराठीत उत्तर येतं. शिकवणाऱ्या बाई पुन्हापुन्हा सांगत होत्या, "त्याच्याकडून मुलांना उत्तरं घेऊ देऊ नका, प्रश्न घेऊ द्या."

मी त्या यंत्रावर लगेच भाळले. खरं सांगायचं तर मुलांसाठी नाही, माझ्यासाठी. प्रकल्पाचा आराखडा, गुणांचे निकष, पालकांना पत्र, मुख्याध्यापकांना अहवाल, असं जे काही मी रविवारची दुपार घालवून लिहायची ते चहा निवायच्या आत तयार होऊ लागलं. मराठीही शुद्ध. माझ्याहून शुद्ध.

तिच्या गटात चौघीजणी होत्या, चौघी एकाच गल्लीतल्या. पहिल्या दिवशी मी माझा लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला आणि बाजूला खुर्ची घेऊन बसले. त्यांनी बराच वेळ कुजबुज करून लिहिलं, 'पत्र्याच्या घरात गरम होते. उपाय सांगा.' क्षणात दहा उपाय आले. छतावर ओली पोती टाका. छतावर बाग करा. घराभोवती झाडं लावा. आतून दुसरं छत बसवा.

चौघी एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. गटातली उंच मुलगी म्हणाली, "घराभोवती झाडं? बे, आमच्या घराभोवती घरंच आहेत की."

"मग हे त्याला सांगा ना," मी म्हटलं. "त्याला काय ठाऊक तुमची गल्ली."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं पोती भिजवता येणार नाहीत. पत्रा जुना आहे, त्यावर माती चढवली तर खाली येईल. दोन घरांच्या मधे सायकलसुद्धा जात नाही. त्यांच्या गल्लीचं इतकं नेमकं वर्णन त्यांनी आजवर कुठल्याही निबंधात केलं नव्हतं. पलीकडून या वेळी उपाय कमी आले आणि प्रश्न जास्त. छताची उंची किती? पत्र्याचा उतार कुठल्या दिशेला? खिडकी किती, दार कुठं, दुपारी आत किती माणसं असतात?

चौघींना यातलं काहीच सांगता येईना. ज्या खोलीत जन्म गेला तिची उंची त्यांना माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी मापं घेऊन आल्या तेव्हा चौघींच्या चार वह्यांत चार नकाशे होते, आणि माप पट्टीनं घ्यायचं की वितीनं यावरून रस्त्यातच भांडण झालेलं होतं. माझ्या शिकवण्याच्या बावीस वर्षांत नकाशा काढायला मुलींना इतकं उत्सुक मी पाहिलं नव्हतं. तो दिवस मला फार आवडला.

शेवटी ठरलं ते अगदी साधं. पत्र्याला वरून चुना द्यायचा. चुन्यात डिंक घालायचा, म्हणजे तो धरून राहतो. पांढरा रंग ऊन परत फेकतो हे त्यांच्या पुस्तकातच होतं. पण खरंच फरक पडतो का, आणि किती, हे मोजून दाखवायचं होतं. मोजायचं कसं ते त्यांनी एआयला विचारलं, आणि उत्तर आलं: सारख्या आकाराच्या दोन खोल्या निवडा. एकीला चुना द्या. दुसरी तुलनेसाठी आहे तशीच ठेवा. दोन्हीकडं रोज ठरलेल्या वेळी तापमान नोंदवा.

बरोबरच होतं. विज्ञानाच्या कुठल्याही शिक्षिकेनं हेच सांगितलं असतं, आणि मीही मान डोलावली.

तिची खोली आणि गटातल्या उंच मुलीची खोली शेजारी शेजारी होत्या, एकाच मापाच्या, एकाच चाळीतल्या. चुना कुणाच्या पत्र्यावर द्यायचा यासाठी आम्ही वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी उंच मुलीची निघाली. तिनं उडी मारली. ही माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हणजे आमची खोली तशीच?"

"तुझी तुलनेची खोली," मी म्हटलं. "ती नसेल तर प्रकल्पच नाही. तुझं काम जास्त महत्त्वाचं आहे."

तिनं "बरं" म्हटलं. तिच्या मनात काय आलं असेल हे विचारायचं मला सुचलं नाही.

शाळा सकाळची झाली. प्रयोगशाळेतले दोन तापमापक मी दोघींना दिले. दुपारी एक ते चार, दर तासाला नोंद. शाळेच्या गच्चीवर सावलीत तिसरा तापमापक लावला होता, तो आमचे शिपाईमामा बघायचे. मार्चचा शेवट होता आणि ऊन चढत चाललं होतं.

प्रत्येक मुलानं रोजनिशी लिहायची असाही नियम होता. आज काय केलं, काय अडलं. दर शनिवारी अठ्ठेचाळीस रोजनिश्या माझ्या टेबलावर यायच्या आणि सोमवारी त्यांवर शेरा लिहून परत द्यायच्या. पहिले दोन आठवडे मी सगळ्या वाचल्या. तिसऱ्या आठवड्यात वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढायच्या होत्या, त्यात घरी सासूबाईंनी कुरडयांचा घाट घातला होता. मी यंत्राला गटांचे विषय आणि मुलांची यादी दिली आणि प्रत्येकासाठी दोन ओळींचा प्रोत्साहनपर शेरा मागितला. अठ्ठेचाळीस शेरे आले. प्रत्येक वेगळा, प्रत्येक गोड. ते मी माझ्या अक्षरात, लाल शाईनं, वहीच्या शेवटच्या पानाखाली उतरवून दिले. तिच्या वहीत मी लिहिलं, 'तुझी निरीक्षणे नियमित आणि बारकाईची आहेत. अशीच चिकाटी ठेव.'

पुढच्या आठवड्यात चौघींनी तापमानांचा तक्ता आणून दिला. मोठ्या कागदावर, रंगीत पेननं, आलेखासकट. चुन्याच्या खोलीची रेघ खाली, तुलनेच्या खोलीची रेघ वर, मधे स्पष्ट अंतर. मला आनंद झाला. तक्ता भिंतीवर लावायला म्हणून मी टाचण्या काढल्या आणि लावता लावता सहज तारखा वाचू लागले.

एका मंगळवारापाशी माझा हात थांबला. त्या मंगळवारी दुपारी मी आमच्या जुळे सोलापूरच्या इमारतीच्या गच्चीवरून धावतपळत कुरडया खाली आणल्या होत्या. दोनच्या सुमारास आभाळ भरून आलं, धुळीचं वारं सुटलं, दोन-चार थेंबही पडले आणि तासाभरासाठी हवा चांगलीच गार झाली. सासूबाई आभाळाला नावं ठेवत होत्या. चुन्याच्या खोलीच्या नोंदीत त्या दिवशी तीन वाजता तापमान उतरलेलं होतं. गच्चीवरच्या शिपाईमामांच्या नोंदीतही उतरलेलं होतं. तुलनेच्या खोलीत मात्र ते एक वाजल्यापासून चार वाजेपर्यंत अगदी शिस्तीत, थोडं थोडं चढत गेलं होतं. सोमवार आणि बुधवारही तसेच. तीन दिवस, बारा आकडे, सगळे कसे नीटनेटके.

मधल्या सुट्टीत मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. राग आला होता, पण आवाज चढवला नाही.

"हे तीन दिवस तू बघितलंस का तापमापक?"

ती म्हणाली, "नाही."

"मग हे आकडे?"

"एआयला विचारले. आधीचे आकडे दिले आन् म्हणलं, मधले तीन दिवस भरून दे." तिनं मान वर केली. "तुमीच म्हणलाव की मॅडम, अडलं की त्याला विचारा."

"असं? आकडे बनवून घ्यायला सांगितलं होतं मी? अगं, हे खोटं झालं. मग मोजायचं तरी कशाला? आणि अडलं होतं तर मला सांगायचं. रोजनिशी कशासाठी आहे?"

"रोजनिशीत लिहिलं होतं की."

"काय लिहिलं होतंस?"

तिनं दप्तरातून वही काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढं धरलं. मी वाचलं. पेन्सिलनं लिहिलेल्या पाच-सहा ओळी होत्या. 'सोमवारी बाबांना लई ताप आला. उलटी झाली. दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले ऊन लागले. बाबा खोलीत पडून आहेत. आई ओल्या फडक्याने पुसते. मी तापमापक बघितला नाही. बघावे वाटले नाही. मॅडम, आता काय करू?'

त्याच्याच खाली लाल शाईत माझं अक्षर होतं. 'तुझी निरीक्षणे नियमित आणि बारकाईची आहेत. अशीच चिकाटी ठेव.'

"मला वाटलं तुमी रागावलाव म्हणून मुद्दाम असं लिहिलाव," ती म्हणाली. "मग ह्या सगळ्याजणी म्हणाल्या, मॅडमनी वाचलंच नसंल. सगळ्यांना तसलंच लिहिलंय. मग मी भरून टाकलं. आमच्या खोलीमुळं सगळ्यांचा प्रकल्प वाया जाईल म्हणून."

बाहेर व्हरांड्यात मुलांचा गोंधळ चालला होता. तिनं बारा आकडे मागून घेतले होते आणि मी अठ्ठेचाळीस शेरे. तिच्याकडं निदान कारण होतं.

"मी वाचली नव्हती तुझी वही," मी म्हटलं. "शेरेही मी लिहिले नव्हते. त्याच्याकडूनच लिहून घेतले."

तिला आश्चर्य वाटलं नाही. "माहीत आहे," ती म्हणाली. त्यात कुत्सितपणा नव्हता.

"बाबा कसे आहेत आता?"

"बरे आहेत. कामाला जातेत. पण दुपारी तितंच झोपतेत की, कुठं झोपतील?"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावली. दुपारचा एक वाजला होता. उंबऱ्यावर तिची आजी, तिला ही मुलं अव्वा म्हणतात, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. आई लगबगीनं उठली, "या की मॅडम, या," म्हणत आतली चटई झटकायला लागली. वडील भिंतीला टेकून बसले होते. मला बघून अंगात सदरा चढवायला लागले. मी नको नको म्हणत होते तरी त्यांनी गुंड्या वरपर्यंत लावल्या.

मी चटईवर बसले. माझं लहानपण करमाळ्याकडच्या गावात मातीच्या धाब्याच्या घरात गेलं आणि आता माझ्या डोक्यावर आणखी दोन मजले आहेत. पत्र्याखाली भर दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. ऊन दारातून येत नव्हतं, वरून येत होतं. डोक्यावर कुणी तापलेला तवा धरावा तसं. पंखा फिरत होता तो तीच गरम हवा ढवळत होता. भिंतीवर खिळ्याला आमच्या प्रयोगशाळेचा तापमापक टांगलेला होता. त्याच्या बरोबर खाली वडिलांचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं.

मी पाच मिनिटांत घामानं भिजले. आईनं तांब्याभर पाणी दिलं.

वडील म्हणाले, "पोरगी सांगत होती, शाळेचं काम चाललंय, खोली तशीच ठेवायची म्हणून. शेजाऱ्यांच्या पत्र्यावर मीच चढून चुना मारला मॅडम. आमच्या पत्र्याला पण मारणार होतो, चुना उरलेला होता. ही म्हणाली नको, मॅडमचा प्रयोग बिघडंल."

ते तक्रार करत नव्हते. सांगत होते, एवढंच. कोपऱ्यात चुन्याची बादली होती, वर ओलं पोतं झाकलेलं.

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायला सोपं नाही. चिठ्ठ्या टाकताना मी ज्या खोलीला तुलनेची खोली म्हटलं होतं ती मला कागदावरचा एक चौकोन वाटली होती. तिच्यात रात्रभर मागावर उभा राहिलेला माणूस झोपतो हे त्या मुलीनं पहिल्याच दिवशी, पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. यंत्रानं 'दुपारी आत किती माणसं असतात' असं विचारलंसुद्धा होतं. मुलींनी उत्तर लिहिलं होतं, 'झोपलेला एक'. त्या एकाचं काय, हे ना त्यानं पुढं विचारलं, ना मी. त्याच्याकडून अपेक्षा करणं कितपत बरोबर, मला ठाऊक नाही. माझ्याकडून करायला हवी होती.

"आज संध्याकाळीच मारा चुना," मी म्हटलं.

"आन् प्रयोग?" मुलीनं विचारलं.

"प्रयोग बिघडू दे."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. पंधरा दिवस ती ज्या आकड्यांसाठी दर तासाला उठली होती ते असे सोडून द्यायला ती तयार नव्हती. थोड्या वेळानं म्हणाली, "मॅडम, शेजारच्या खोलीशी तुलना नाही करायची. आमच्याच खोलीची करू की. आधीची आन् नंतरची."

आई तेलुगूत काहीतरी विचारत होती, ती तेलुगूत समजावून सांगत होती, हातानं वरचा पत्रा दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी चौघी पुन्हा लॅपटॉपपुढं बसल्या. या वेळी कुजबुज नव्हती. जे झालं ते सगळं त्यांनी लिहिलं, बाबांच्या तापासकट आणि बनवलेल्या आकड्यांसकट. मग विचारलं, आता अशी तुलना चालेल का? पलीकडून आधी वडिलांची विचारपूस आली. खोली लगेच थंड करण्याचा निर्णय योग्य आहे असं आलं, आणि मग एक अडचण दाखवली गेली: आधीचे दिवस आणि नंतरचे दिवस सारखे तापलेले नसतील, तेव्हा बाहेरच्या तापमानाची नोंद सोबत ठेवावी लागेल. मुलींनी एकदम माझ्याकडं बघितलं. गच्चीवरच्या नोंदी आमच्याकडं होत्याच. शिपाईमामांना बोलावून आणलं, त्यांचा हिशेबाच्या वहीसारखा कागद त्यांनी खिशातून काढला. कुणीतरी आपले आकडे मागतंय याचं त्यांनाच कौतुक वाटलं.

"आणि ते तीन दिवस?" मी विचारलं.

"तिथं रिकामं ठेवायचं," ती म्हणाली. नवा तक्ता तिनंच आखला. त्या तीन दिवसांच्या बारा चौकटी कोऱ्या सोडल्या आणि खाली पेननं लिहिलं, 'या दिवशी खोलीत आजारी माणूस होता. नोंद घेतली नाही.'

पुढच्या सोमवारी मी वर्गालाही सांगितलं. शेरे मी लिहिले नव्हते, वह्या वाचल्या नव्हत्या, चूक झाली. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मॅडम, माझ्या वहीत तर लिहिलाव, 'तुझं अक्षर सुंदर आहे.' मला तवाच शंका आली होती." वर्ग हसला, मीही हसले, पण तो सबंध दिवस मला जड गेला. मुख्याध्यापकांनाही मी सांगितलं. ते म्हणाले, "बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका, सगळेच करतात." त्यांचा हेतू चांगला होता. मला त्यानं बरं वाटलं नाही.

परीक्षा झाल्यावर, निकालाआधी, प्रदर्शन ठेवलं होतं. कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं काहीतरी करायचं होतं, म्हणून चौघींनी गल्लीत वाटायला एका पानाचं पत्रक केलं. चुन्यात डिंक किती घालायचा, पत्र्यावर कधी चढायचं, ऊन लागल्याची लक्षणं कोणती, कधी दवाखान्यात न्यायचं. ऊन लागण्याचा भाग आम्ही जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना दाखवून घेतला आणि त्यांनी दोन वाक्यं बदलली. मराठी पत्रक झालं, पण गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना तेलुगू हवं होतं. ही मुलं तेलुगू बोलतात, लिहायला मात्र येत नाही. एआयनं तेलुगू करून दिलं. ते वाचायचं कुणी? अव्वाला तेलुगू अक्षरं येत होती. लहानपणी सीमेपलीकडं, तिच्या माहेरी शिकलेली.

अव्वानं पत्रक डोळ्यांजवळ धरून वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला खदाखदा हसायला लागली. मुलीनं मला सांगितलं, "अव्वा म्हणतीय, हे टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलतंय. असं आपल्यात कोण बोलतं?"

"मग तुमच्यात पत्र्याला काय म्हणतात?"

मुलीनं विचारलं. अव्वा माझ्याकडं बघून, मी अगदीच बावळट असल्यासारखी, मराठीत म्हणाली, "पत्रा."

ती दुपारभर बसली. विड्यांचं सूप बाजूला ठेवून तिनं एकेक ओळ बदलून दिली, आणि शेवटी स्वतःचीच एक ओळ घातली: पत्र्यावर चढणाऱ्यानं आधी खालून कुणाला तरी हाक मारून ठेवावी. ही गोष्ट ना आम्हाला सुचली होती ना यंत्राला.

प्रदर्शनाला बाहेरचे पाहुणे आले होते. त्यातले एक गृहस्थ तक्त्यापुढं थांबले आणि कोऱ्या चौकटींवर बोट ठेवून म्हणाले, "हे पूर्ण नाही केलं का?"

मी बाजूलाच होते. तोंड उघडणार होते, पण ती आधी बोलली. "पूर्ण आहे सर. ते तीन दिवस बाबा आजारी होते. मोजलं नाही म्हणून लिहिलं नाही."

"अंदाजे भरता आलं असतं."

"भरलं होतं," ती म्हणाली. "मग खोडलं."

ते तक्ता शेवटपर्यंत वाचून गेले. त्या गटाला बक्षीस मिळालं नाही. पावसाचं पाणी साठवण्याच्या सुंदर प्रतिकृतीला मिळालं.

फरक पडला का, तर पडला. दुपारी तीनच्या सुमाराला खोली आधीपेक्षा काही अंशांनी कमी तापायची. पण पत्रा तो पत्राच. मेच्या मध्याला तिचे वडील मला मागांच्या कारखान्याबाहेर भेटले तेव्हा मी विचारलं, झोप लागते का? ते म्हणाले, "लागते मॅडम, दोन तास. आधी तेवढी पण नव्हती." मग म्हणाले, "पोरगी आता मला पण वहीत लिहायला लावतीय. कधी झोपलो, कधी उठलो." त्यांना त्याची गंमत वाटत होती.

रोजनिश्या अजून दर आठवड्याला येतात. आता मी गटांचे दिवस वेगळे केलेत, म्हणजे एका वेळी बारा वह्या वाचाव्या लागतात. शेरा कधी एका शब्दाचा असतो, कधी नुसता प्रश्न. आराखडे, पत्रं, अहवाल मी अजून यंत्राकडूनच लिहून घेते आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. मुलांनी त्याला काय विचारलं हेही वहीत लिहायचं असा नियम मुलांनीच केला. उत्तरापेक्षा तो भाग वाचायला मला जास्त आवडतो.

पावसाळ्यात चुना बराचसा धुऊन गेला. नव्या वर्षी चौघी दहावीत गेल्या, माझा त्यांच्याशी वर्गाचा संबंध सुटला. होळीनंतर, त्यांची बोर्डाची परीक्षा संपल्यावर, एका रविवारी मी काही कामानं त्या गल्लीतून जात होते. उंच मुलगी आणि ती, दोघी पत्र्यावर होत्या, हातात लांब दांड्याचे ब्रश, आणि त्यांचं काम चौथ्या घरापर्यंत आलं होतं. खाली अव्वा मान वर करून तेलुगूत त्यांना ओरडत होती. काय म्हणत होती ते मला कळलं नाही. मी स्कूटर थांबवली तेव्हा ती वरूनच म्हणाली, "मॅडम, तितं उभारू नका, चुना पडंल अंगावर."